भय आले त्याच जागी



 आज शिनोलीत वंदनेला नेहमीपेक्षा माणसे कमी आहेत. ती का कमी आहेत हे मला घोडेगावहून येतानाच कळले. दिवस मावळायच्या आत दारे लागलेली, ओट्यावर कोणी नाही, पोरे घरात कोंडलेली. आपणही वंदनेची वेळ साडेसातवरून साडेपाचवर आणली. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्या उसात बिबट्या आहे त्या उसाच्या बांधावरून अंधारात बायामुलांना चालवत आणणे याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

परंतु एका उपासिकेने मला आल्या आल्या जे विचारले त्यावर आज बोलायचे आहे. ती म्हणाली, "गुरुजी, बिबट्या काही मी पाहिला नाही. पण मला तो रोज दिसतो. भांडी घासताना दिसतो, पोरगं शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला की दिसतो, डोळा लागला की दिसतो. आनापान करायला बसले तर श्वासाऐवजी त्याचाच श्वास ऐकू येतो. ह्यावर धम्मात काही आहे का, का नुसतं शांत बसा म्हणून सांगणार?"

फार चांगला प्रश्न आहे. याचे उत्तर 'शांत बसा' असे असते तर मी ते द्यायला एस.टी.चे तिकीट काढून आलो नसतो.

हे भय आले कुठून ते आधी नीट पाहू. 2025 च्या ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, सुमारे तीन आठवड्यांत, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात एक चिमुरडी, एक वृद्धा आणि एक 13 वर्षांचा मुलगा अशी तीन माणसे गेली. लोकांचा संयम सुटला. वनखात्याचे वाहन जाळले गेले, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. शेवटी एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या गावच्या बाया शेतात जाताना गळ्यात खिळे मारलेले पट्टे घालू लागल्या, कारण बिबट्या मान धरतो. त्या पट्ट्यांची छायाचित्रे तुम्ही मोबाईलवर पाहिली असतील. शिकारी कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसा पट्टा माणसाच्या गळ्यात.

मला ते चित्र पाहून दुसरेच काही आठवले. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात पेशवाईतल्या पुण्याचे वर्णन केले आहे. आपल्या पूर्वजांना गळ्यात मडके बांधावे लागे, कारण थुंकी जमिनीवर पडली तर वाट बाटेल. कमरेला खराटा, कारण पाऊल उमटले तर ते पुसले पाहिजे. गळ्यातले भय आपल्याला नवीन नाही. मात्र दोन्ही भये एकच नव्हेत. बिबट्याला जात ठाऊक नाही, तो भुकेला आहे, त्याच्या मनात आपल्याविषयी द्वेष नाही. मडके बांधणाऱ्याच्या मनात होता. तरीही आतून दोन्ही सारखीच काम करतात. मान खाली घालायला लावतात, पाऊल आखडायला लावतात, आणि हळूहळू माणसाला असे वाटू लागते की आपण असेच जन्माला आलो.

या मुलखात बिबट्या का आला हेही समजून घेतले पाहिजे. कारण न समजलेले भय हे दुप्पट असते. डिंभ्याचे धरण झाले, कालवे खाली गेले, जिथे बाजरी आणि मठ होती तिथे बारा महिने ऊस उभा राहिला. बिबट्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे जंगलच. आत सावली, पाणी, पिल्लांना आडोसा, आणि बाहेर पडले की कुत्री, डुकरे, शेळ्या. त्यांच्या पिढ्या आता उसातच जन्मतात. तेव्हा "जंगलातून चुकून आला" असे आपण म्हणतो ते बरोबर नाही. तो इथलाच रहिवासी झालेला आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. 2001 च्या सुमारासही जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात, असेच भय पसरले होते. लोक म्हणाले, सगळे बिबटे पकडा आणि लांब नेऊन सोडा. मागणी साहजिक होती. त्याप्रमाणे पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले आणि दूरच्या जंगलांत सोडले गेले. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 ते 2003 या काळातल्या हल्ल्यांचा अभ्यास केला. तो 2011 साली प्रसिद्ध झाला. मोहिमेपूर्वी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते. मोहीम सुरू झाल्यावर ते 17 वर गेले. जिथे नेऊन सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले वाढले. पकडताना जखमी झालेले, पिल्लांपासून तुटलेले, अनोळखी मुलखात टाकलेले जनावर आणखी बिथरले असावे असा त्यांचा निष्कर्ष. मग हे बिबटे ठेवायला जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र उभे राहिले, ते आजही आहे.

उपासकांनो, ही वनखात्याची निंदा म्हणून मी सांगत नाही. यात धम्म आहे म्हणून सांगतो. भ्यालेल्या मनाला काहीतरी तातडीने करून टाकायचे असते. ते केले की तेवढ्यापुरते बरे वाटते, पण काय केले हे त्याला पाहायचे नसते. आणि पाहिले नाही म्हणून संकट चौपट होऊन परत येते. तृष्णेविषयी आपण हेच शिकतो. भयाच्या बाबतीत मात्र विसरतो.

मग तथागतांनी काय केले? लोकांना वाटते बुद्धांना भय कधी शिवलेच नाही. तसे नाही. मज्झिम निकायात 'भयभेरव सुत्त' म्हणून चौथे सुत्त आहे. जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण भगवंतांना म्हणतो की अरण्यात एकट्याने राहणे फार कठीण, ज्याचे चित्त एकाग्र नाही त्याचे मन तर अरण्य हिरावून नेते. यावर भगवंत त्याला 'छे, छे' म्हणत नाहीत. ते म्हणतात, मलाही संबोधीपूर्वी असेच वाटत होते. मग ते सांगतात की मी मुद्दाम अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या अशा रात्री निवडल्या आणि लोक ज्या जागांना भितात, अंगावर काटा येतो अशा बागा, वने, झाडे यांच्यापाशी जाऊन राहिलो. (आपल्याकडेही अमावास्येला पिंपळाखाली कोणी जात नाही. अडीच हजार वर्षांत माणूस फारसा बदललेला नाही.) तिथे रात्री एखादे जनावर येई, मोर एखादी काटकी मोडी, वारा पाचोळ्यात सळसळे. आणि मनात येई, आले, ते भय हेच!

पुढचा भाग नीट ऐका, माझे आजचे सगळे बोलणे त्यावरच आहे. तेव्हा बोधिसत्त्वांनी स्वतःला विचारले, मी भयाची वाट पाहत का बसलो आहे? आणि ठरवले, ते ज्या स्थितीत मला गाठील त्याच स्थितीत त्याला दूर करायचे. चालत असताना भय आले तर भय जाईपर्यंत ते चालतच राहिले. उभे राहिले नाहीत, बसले नाहीत, आडवे झाले नाहीत. उभे असताना आले तर उभेच. बसले असताना आले तर बसूनच. पडले असताना आले तर उठून पळाले नाहीत.

कोणता मंत्र, कोणता गंडा, कोणती देवता यात नाही. जनावराला मारले असेही नाही. आणि मोर होता म्हणून हसलो असेही नाही, कारण प्रत्येक वेळी मोरच असतो असे नाही. फक्त भय आले तेव्हा ते आहे असे ओळखणे, आणि त्याने हलवायच्या आधी आपण न हलणे. सम्यक स्मृती म्हणतात ती हीच. सतिपट्ठानात शरीराच्या चार स्थिती सांगितल्या आहेत, चालणे, उभे राहणे, बसणे, पडणे. आपण त्या पोपटासारख्या म्हणतो. त्या चारही स्थितींत भय येऊन पाहुण्यासारखे बसते हे आपल्या लक्षात येत नाही.

त्याच सुत्तात आणखी एक वाक्य आहे ज्याकडे प्रवचनकार सहसा वळत नाहीत. भगवंत म्हणतात, काही श्रमण-ब्राह्मण दिवसाला रात्र समजतात आणि रात्रीला दिवस. मी मात्र रात्रीला रात्रच समजतो आणि दिवसाला दिवस. किती साधे! आणि भयाच्या दिवसांत किती अवघड! मोबाईलवर एक छायाचित्र येते, 'आपल्या चौकात आत्ता बिबट्या'. पाहणारा ते दहा जणांना पाठवतो. नंतर कळते की छायाचित्र बनावट होते, यंत्राकडून काढून घेतलेले. तोवर शाळेतून पोरे घरी आणलेली असतात आणि कोणाचा तरी दिवसाचा रोज बुडालेला असतो. दिवसाची रात्र झाली ती अशी.

ससा आणि त्याच्या डोक्यावर पडलेले फळ, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. पण ती मुळात जातककथा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. दद्दभ जातक तिचे नाव. एका सशाच्या मागे बेलाचे फळ ताडाच्या पानावर धप्पकन पडते, ससा समजतो पृथ्वी दुभंगली आणि धावत सुटतो. त्याच्या मागे हजारो ससे, मग हरणे, डुकरे, गवे, वाघ, हत्ती. सगळे अरण्य समुद्राच्या दिशेने धावू लागते. लहान मुलांच्या पुस्तकात कथा बहुधा सशाला हसण्यासाठी सांगतात. जातकात महत्त्वाचा आहे तो सिंह, म्हणजे बोधिसत्त्व. तो धावणाऱ्यांना हसत नाही, रागावतही नाही. त्यांच्या वाटेत उभा राहतो आणि एकेकाला विचारतो, "तू पाहिलेस?" हत्ती म्हणतो, सिंहांना ठाऊक आहे. वाघ म्हणतात, गेंड्यांना. असे करत करत प्रश्न सशापर्यंत येतो. मग सिंह त्या सशाला पाठीवर घेऊन त्याच जागी परत जातो आणि फळ दाखवतो. भ्यालेल्याला सोबत घेऊन त्या जागी परत जाणे. 'मूर्खा' म्हणून हाकलणे नव्हे. गावात असा एक सिंह असला तरी पुरे, पण आपण सगळे हत्ती होऊन बसलो आहोत.

आता कोणी म्हणेल, म्हणजे बिबट्या नाहीच, सगळा मनाचा खेळ आहे. असे कोणी सांगू लागला तर त्याच्यापासून सावध राहा, तो भगव्यात असो की चीवरात. बिबट्या आहे. भगवंतांनीही तो असल्याचे सांगितले आहे. अंगुत्तर निकायात 'अनागत भय' म्हणजे पुढे येऊ शकणाऱ्या भयांविषयी सुत्ते आहेत. सम्राट अशोकाने बैराटजवळच्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे सात धम्मग्रंथ सांगितले त्यांत 'अनागतभयानि' हे नाव आहे, आणि अभ्यासक ते याच सुत्तांशी जुळवतात. पैकी एकात अरण्यवासी भिक्षूने विचार करायचा आहे की मला साप चावू शकतो, विंचू चावू शकतो, ठेच लागून मी पडू शकतो, सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल, तरस यांच्याशी गाठ पडू शकते. बिबट्याला पालीत 'दीपि' म्हणतात, आणि तो त्या यादीत आहे. म्हणजे डोळे झाकायला कुठेच सांगितलेले नाही. हे होऊ शकते, तेव्हा जे करायचे ते आज कर, आळस करू नकोस, एवढेच तिथे सांगितले आहे. ज्याला आपण अप्पमाद म्हणतो, सावधपणा, तो भयातून निघू शकतो. पण त्यासाठी भयाकडे पाहता आले पाहिजे.

इथून जुन्नर किती दूर? लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी, त्या डोंगरांत शेकड्याने लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे भिक्षू वर्षावासाला राहत. बांबूकाम करणाऱ्यांच्या, कांस्यकारांच्या श्रेणींची नावे तिथल्या लेखांत कोरलेली आहेत. कष्टकऱ्यांच्या पैशावर तो संघ पोसला गेला होता. त्या लेण्यांसमोर तेव्हा दाट रान असणार आणि त्या रानात दीपि असणारच. भिक्षू त्याच्यासह राहिले. आपले शेजारी महादेव कोळी बांधव वाघबारस पाळतात, वाघोबाला मान देतात. आपण नवस बोलत नाही, बळी देत नाही, ते आपल्या 22 प्रतिज्ञांत बसत नाही. पण त्यांना हसूही नये. जनावराच्या मुलखात आपण राहतो ही जाण त्या सणात आहे, आणि ती ऊस लावणाऱ्या बऱ्याच शहाण्यांमध्ये नाही.

भय आले त्याच जागी त्याला पाहणे, हे मी कोणत्या भंतेंकडून शिकण्याआधी माझ्या आजीकडून शिकलो. तिला सुत्त ठाऊक नव्हते, अक्षर ओळख नव्हती. 1956 च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला दीक्षा झाली, बातमी गावोगाव पोचली. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतही दीक्षेचा कार्यक्रम झाला. आजोबांनी देव्हारा टोपलीत भरला. मरीआई, खंडोबाचा टाक, म्हसोबाचा शेंदूर लावलेला गोटा. टोपली नदीत सोडली. दिवसा सगळ्यांच्या अंगात जोर होता. घोषणा होत्या. रात्र झाली आणि आजीच्या लहान मुलाला, म्हणजे माझ्या काकाला, ताप भरला.

आता विचार करा. घरात अंधार, पोर तापाने फणफणलेले, आणि भिंतीतली देवळी रिकामी. पिढ्यान् पिढ्या कानात भरलेले की मरीआई कोपली तर घर पुसून टाकते. शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "अजून वेळ गेली नाही, नदीला पाणी कमी आहे, टोपली सापडंल." आजी सांगायची, "माझे पाय उठत होते. हात आपोआप देवळीकडं जायचा आन् रिकामा परत यायचा." ती उठली नाही. पोराच्या कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवत बसली. मग पट्टी आजोबांच्या हाती देऊन जात्यावर बसली आणि बाजरी दळू लागली. उर धडधडत होता. ती म्हणायची, "मी त्या धडधडीला म्हटलं, तू माझ्या उरातली हायस, मरीआईची न्हवंस. धडधड किती धडधडायचं ते. मी काय उठत न्हाय." सकाळी आजोबा पोराला घेऊन चालत दवाखान्यात गेले. दोन दिवसांनी ताप उतरला.

ताप उतरला म्हणून धम्म खरा, असे मी म्हणत नाही. ते पोर गेले असते तरीही आजीने टोपली आणली असती असे मला वाटत नाही. पण त्याविषयी मी छातीठोक काय सांगावे? मला फक्त ती रात्र सांगायची आहे. पळून देवळीकडे जायचे नाही, पोराला सोडूनही जायचे नाही. जिथे आहे तिथे, हातात जे काम आहे ते करत, उरातली धडधड आपलीच म्हणून ओळखायची. शिवाय सकाळ झाल्यावर अंगारा लावायचा नाही, दवाखाना गाठायचा. सम्यक स्मृतीच्या पाठोपाठ सम्यक कर्म येते ते असे.

आणि ही रात्र एकट्या आजीची नव्हती. महारकी सोडली म्हणून पाणी बंद, मजुरी बंद, दळण बंद अशी भये कित्येक गावांत आपल्या लोकांनी एकत्र सोसली. सगळे एकदम निर्भय झाले होते असे नाही. भीत होते, पण गुडघे टेकायला परत गेले नाहीत. बाबासाहेबांनी बुद्धाच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य म्हणून मन हे सर्व गोष्टींचे केंद्र आहे असे सांगितले, ते काही शिबिरात डोळे मिटून गोड वाटावे म्हणून नव्हे. दहा दिवस मौन पाळून आलेला आणि अकराव्या दिवशी ग्रामसभेत तोंड न उघडणारा उपासक मी पाहिला आहे. त्याची शांती मला कळत नाही.

कारण या भयाचे वाटपही समान नाही, हे शांत मनानेच दिसते. बिबट्याला जात नाही म्हटले, पण त्याच्या वाटेत कोण येते? पहाटे परसाकडे उघड्यावर कोण जाते? रात्री दोन वाजता शेतीची वीज आली की उसाला पाणी धरायला कोण उठते? ज्याचा ऊस आहे तो बहुधा घरात असतो. उसाच्या फडाजवळ कोपी घालून कोण राहते, पालापाचोळ्यावर लेकरू निजवून कोयता कोण चालवते? बसलेले, वाकलेले, बुटके दिसणारे माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे भासते. म्हणून लहान पोरे आणि वाकून काम करणाऱ्या बाया. तेव्हा दिवसा वीज मिळणे, घरोघरी वापरता येईल असे शौचालय असणे, वस्तीच्या वाटेवर दिवे असणे, गोठ्याला दार असणे या बिबट्याविषयीच्या मागण्या आहेत, आणि त्या मैत्री भावनेइतक्याच धम्माच्या आहेत. 'बिबटे मारा' ही घोषणा सोपी, ती दिल्यावर घसा मोकळा होतो. दिव्याच्या खांबासाठी अर्ज करून सहा वेळा पंचायतीच्या पायऱ्या चढायला स्थिर चित्त लागते.

मारण्याविषयीही दोन शब्द सांगतो, कारण तरुण मुलांनी मला वाटेत अडवून विचारले की आपण अहिंसावाले, मग पिंपरखेडचा बिबट्या मारला ते योग्य की अयोग्य. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. माणसे मारणाऱ्या जनावराला, दुसरा मार्ग उरला नाही म्हणून, जबाबदार माणसांनी कायद्याने मारणे यात गरज असू शकते. पण तोडणीत सापडलेल्या डोळेही न उघडलेल्या पिल्लांवर कोयता उगारणे ही इच्छा आहे. ती पिल्ले तिथेच राहू द्या, वनखात्याला कळवा. मादी रात्री येऊन घेऊन जाते, या भागात असे कित्येकदा झाले आहे. पिल्ले गेली की ती मादीच सैरभैर होऊन वस्तीत शिरते. इथेही पुन्हा तेच, भ्यालेल्या हाताने केलेले काम.

मैत्री भावनेविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अट्ठकथेत सांगितले आहे की काही भिक्षू अरण्यात भ्याले आणि श्रावस्तीला परत आले. भगवंतांनी त्यांना दुसरीकडे पाठवले नाही, मेत्त सुत्त देऊन त्याच अरण्यात परत पाठवले. पण मैत्री म्हणजे बिबट्याचे तोंड बांधणारा मंत्र नव्हे. मी मैत्री केली, आता मला कोण काय करतो, असे म्हणून जो रात्री एकटा उसात जाईल तो धम्म पाळत नाही, वेडेपणा करतो. मैत्रीने आधी आपल्यातला द्वेष निवतो. द्वेष निवला की नीट दिसू लागते.

आणि ज्या घरातले लेकरू गेले त्या घराला हे प्रवचन नाही. त्यांना 'मन शांत ठेवा' म्हणण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. तिथे जायचे, बसायचे, चूल पेटवून द्यायची, भरपाईच्या कागदांसाठी बरोबर फिरायचे.

या खोऱ्याला भय तसे नवीन नाही. डिंभ्याच्या वर माळीणवर 30 जुलै 2014 ला डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर पावसाळ्यात कड्याखालच्या वाड्यांना झोप नसते. तिथेही हेच. डोंगराला भेगा पडल्या का, झऱ्याचे पाणी गढूळ झाले का, हे पाहणारा जागा माणूस हवा. नुसते जागरण करून थरथरणारा नको.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे येतो. बाई, श्वासाऐवजी त्याचाच श्वास ऐकू येतो म्हणालीस. ठीक आहे, येऊ दे. त्याला हाकलू नकोस. भांडी घासताना दिसला तर भांडे खाली ठेवू नकोस, घासत राहा, आणि पाहा, शरीरात तो कुठे आहे. घसा कोरडा झाला का? पोट आवळले का? हात थांबले का? मनात म्हण, हे भय आहे. माझ्या मनात आहे. बाहेर काय आहे ते वेगळे, ते नंतर पाहीन. मग डोळे उघडून खरेच पाहा, दार लागले आहे का, पोर कुठे आहे, दिवा चालू आहे का. करण्यासारखे काही असेल तर उठून कर. नसेल तर घासत राहा. ते लगेच जाणार नाही. दहा वेळा येईल, दहा वेळा हेच करायचे. पोराला उशीर झाला तर मास्तरांना फोन करण्यात कमीपणा नाही. पण फोन लावायच्या आधी एक पूर्ण श्वास आत आणि एक बाहेर, एवढा तू स्वतःला दे. तेवढ्या श्वासात पुष्कळ दिसते.

आणि रात्री मोबाईलवर छायाचित्र आले तर पुढे पाठवण्याआधी विचार, "तू पाहिलेस?"

आता सगळे मिळून पाच मिनिटे बसू. दार उघडेच ठेवा, मुलांना मध्ये घ्या. बाहेर कुत्रे भुंकले तर भुंकणे ऐका, मान वळवू नका. दाराशी दोघे बॅटरी घेऊन उभे आहेत, पाहायचे काम त्यांचे. वंदना झाल्यावर सगळ्यांनी एकदम उठू नये. मळ्याकडच्या बाया आधी निघतील, त्यांच्याबरोबर चौघे जण जातील, वाटेत मोठ्याने बोलत जा. ते परत येईपर्यंत आम्ही इथेच बसलो आहोत.